माया वेळेत द्या, गुणांत नको

वर्गातली पोरं शिक्षकाचा हिशेब ठेवतात. फळा पुसायला कुणाला उठवलं, ऑफिसात कॅटलॉग (हजेरीपट) घेऊन कोण गेलं, कुणाच्या चुकीवर सर हसले आणि त्याच चुकीसाठी कुणाला उभं केलं, हे सगळं त्यांच्याकडे तारीखवार असतं. दुसरीतलं पोरसुद्धा बाईंची लाडकी कोण ते बिनचूक सांगतं. बाईंना मात्र वाटत असतं की आपण सगळ्यांना सारखंच बघतो. गुण खरे दिले जातात असा विश्वास असेल तरच त्या शिक्षकाचं कौतुक मुलांना खरं वाटतं, आणि कौतुक खरं वाटलं तर कमी पडलेले गुणही पचतात. म्हणून माया आणि सचोटी एकत्रच सांभाळावी लागते. ती कशी, हे पहिली ते आठवीच्या वर्गांपुरतं आणि सोलापूरच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून पुढे दिलं आहे.

आधी आपली नजर तपासा

शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक कोरा कागद घ्या. कॅटलॉग न बघता वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं आठवतील त्या क्रमाने लिहा. चाळीसच्या वर्गात पहिली दहा-बारा नावं भराभर येतात. ती हुशार मुलांची नाहीतर दंगेखोरांची असतात. मग वेग मंदावतो. शेवटची पाच-सहा डोकं खाजवून आठवावी लागतात आणि एखादं राहूनच जातं. ही शेवटची मुलं बहुतेक वेळा शांत असतात, गुण मध्यम, वह्या वेळेवर. त्यांची तक्रार येत नाही म्हणून त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

पुढच्या आठवड्यात या पाच-सहा जणांशी रोज एकदा अभ्यासाबाहेरचं एक वाक्य बोला. ‘काल आला नव्हतास, ताप होता का?’ ‘आज वेणी कुणी घातली?’ एवढं पुरे. हे सगळ्या वर्गासमोर बोलायचं नाही. लाजरं मूल समोर आणलं की आणखी मिटतं. पुढच्या शनिवारी यादी पुन्हा करा. तीन शनिवार तेच नाव तळाला राहिलं तर त्या मुलाची जागा बदलून बघा. तुम्ही नेहमी जिथे उभे राहता तिथून तो बाक दिसतच नाही, असं बऱ्याचदा निघतं.

कामं वाटतानाही पक्षपात नकळत होतो. घाईत असलो की चटपटीत पोराचंच नाव तोंडात येतं. हजेरी क्रमांकाप्रमाणे रोज दोघांची जोडी लावा आणि ती सकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. दिवसभराची सगळी कामं त्या दोघांकडे. सावकाश काम करणाऱ्या पोराला खडू आणायला पाच मिनिटं लागतील, ती लागू द्या.

नाव आणि घरची बोली

सोलापूरच्या मराठी माध्यमाच्या वर्गात मराठी ही सगळ्यांच्या घरची भाषा असेलच असं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या पुष्कळ घरांत तेलुगू चालते, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडून आलेल्यांत कन्नड, आणि उर्दू-दखनी तर शहरभर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला विचारा, घरी तुला काय म्हणतात आणि नावाचा उच्चार कसा करतात. पालक सोडायला आले की त्यांच्याकडून खात्री करून घ्या आणि कॅटलॉगच्या मार्जिनला पेन्सिलीने लिहून ठेवा. आपल्या सोयीसाठी नाव तोडू नका. तेलुगू आडनावांवर कोट्या करणारे महाभाग प्रत्येक वर्गात निघतात. त्यावर शिक्षक नुसता गालात हसला तरी वर्गाला परवाना मिळाल्यासारखं होतं.

दोन शब्द कामाला येतात. जेवलास का, हे तेलुगूत ‘तिन्नावा?’ आणि कन्नडमध्ये ‘ऊट आयता?’. पोषण आहाराच्या रांगेत हळूच विचारून बघा. मूल हसलं तर ठीक, इतरांसमोर संकोचलं तर पुन्हा विचारू नका. आपल्याला चार भाषा येतात हे वर्गाला दाखवण्यासाठी विचारायचं नसतं.

आणि मुलाची तक्रार त्याच्या आई-वडिलांना सांगायला त्याच मुलाला दुभाषा करू नका. ‘सर म्हणतात, मी फार हुशार आहे’ असं भाषांतर होण्याची शक्यता दांडगी. घरची भाषा येणाऱ्या सहकाऱ्याला किंवा सेविकाबाईंना बरोबर घ्या.

पेपर तपासताना

सचोटी सगळ्यात जास्त इथे घसरते, आणि बहुतेक वेळा दमल्यामुळे घसरते. पहिले दहा पेपर कडक तपासले जातात, मधले सैल, आणि रात्री अकरानंतरचे नुसते उरकले जातात. शिवाय एखाद्या हुशार पोराचा पेपर नुकताच हातावेगळा केलेला असला की त्याच्यानंतरचा साधा पेपर उगाच सुमार वाटतो. याला उपाय आहेत. कटकटीचे आहेत, पण दोन चाचण्यांनंतर हातात बसतात.

गठ्ठा उघडण्याआधी उत्तर स्वतः लिहा आणि गुण फोडा. तीन गुणांचं ‘कारणे द्या’ असेल तर कारणाला १, ते पाठातल्या माहितीशी जोडल्याला १, उदाहरणाला १. हा कागद समोर ठेवूनच बसायचं. मुलांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या पानावर फक्त नाव आणि हजेरी क्रमांक लिहायचा, उत्तरं दुसऱ्या पानापासून. तपासताना पहिलं पान मागे दुमडा. अक्षर ओळखू येतंच, त्याला इलाज नाही, पण नाव डोळ्यांसमोर नसलं की हात पुष्कळ सरळ चालतो.

मग एक पूर्ण पेपर घेऊन बसण्याऐवजी सगळ्यांचा प्रश्न पहिला तपासा, नंतर सगळ्यांचा दुसरा. दुसरा प्रश्न घेताना गठ्ठा उलटा करा, नाहीतर चाळिसाव्या क्रमांकाच्या पोराच्या वाट्याला दरवेळी दमलेलेच डोळे येतात. वीस पेपर झाले की उठा, चहा घ्या. शेवटी पहिले पाच पेपर पुन्हा बघा. आता द्यावेसे वाटणारे गुण आणि मघाशी दिलेले गुण यांत अर्ध्या गुणापेक्षा जास्त फरक पडत असेल तर तो प्रश्न सगळ्यांचा पुन्हा तपासावा लागेल. जिवावर येतं, पण सुटका नाही. बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करा. एकाच दिशेने दोनदा केली तर चूकही तशीच पुन्हा होते.

भाषेच्या चुकांचं काय करायचं हे तपासणीआधी ठरवा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारं मूल ‘तो पुस्तक’, ‘माझी घर’ असं लिंग चुकवतं, ‘भाकरी’चं ‘बाकरी’ करतं. विज्ञानात आणि परिसर अभ्यासात यासाठी गुण कापायचे नाहीत, फक्त खाली रेघ मारून बरोबर रूप लिहायचं. मराठीच्या पेपरात एका प्रकारच्या चुकीला एकदाच अर्धा गुण. तीच चूक आठ वेळा झाली म्हणून चार गुण गेले तर ते पोर पुढच्या वेळी निबंध तीन ओळींतच आटोपतं, कारण कमी लिहिलं की चुकाही कमी.

आता मायेचा प्रश्न. वीसपैकी सात गुणांवर पास ठरवलंय आणि एका मुलाला सहा पडलेत. आई दवाखान्यात आहे, पोर घरचं सगळं बघतं, तुम्हाला माहीत आहे. हात एक गुण टाकायला निघतो. टाकू नका. त्या एका गुणाने पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला वाटतं की याला हातच्याची वजाबाकी येते, आणि मुलाला स्वतःला तर पक्कं ठाऊक असतं की येत नाही. त्याऐवजी आठ दिवस मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं द्या, तोच घटक पुन्हा घ्या, दुसरी छोटी चाचणी द्या आणि नवे गुण नव्या तारखेने लिहा. जुने खोडायचे नाहीत. सहावरून अकरावर आलेलं पोर तो कागद घरी नेऊन दाखवतं. टाकलेल्या गुणाचा सात असा कुणी दाखवत नाही.

‘बाई, मला दोन गुण जास्त पडलेत’ असं सांगायला मूल आलं तर गुण तिथल्या तिथे कमी करा, शेजारी सही-तारीख करा आणि ‘सांगितलंस, बरं केलंस’ असं स्वच्छ आवाजात म्हणा. ‘प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून ठेव ते दोन गुण’ असं म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने गुण खोटे होतात आणि खरं बोलण्याला दोन गुणांचा भाव लागतो. पुढच्या चाचणीला तीन जण बेरीज चुकल्याचं सांगत येतील आणि तिघांची बेरीज बरोबर असेल. वर्णनात्मक नोंदीत, म्हणजे मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या नोंदीत, मात्र ही गोष्ट तारखेसह लिहा. ती जागा त्यासाठीच आहे. गुण कमी पडले म्हणून आलेल्यांचंही तितकंच नीट ऐका. त्यासाठी पेपर वाटल्याच्या दुसऱ्या दिवशीची मधली सुट्टी जाहीर करून टाका, म्हणजे फक्त धीट पोरांचाच फायदा होणार नाही.

आपलं मूल, भाचा, घरमालकाची मुलगी वर्गात असेल तर तो पेपर दुसऱ्या शिक्षकाकडे द्या आणि तसं मुख्याध्यापकांना सांगून ठेवा. आपलंच मूल असेल तर बहुतेक शिक्षक दोन गुण कमीच देतात. तेही खोटंच झालं.

‘छान’ हा शेरा

फुकट असतो. मूल दोन दिवसांत ओळखतं की बाई वही न वाचताच लिहितात. रोज पाचच वह्या घ्या, पण प्रत्येकीत दोन ओळी लिहा. पहिली, काय जमलं ते नेमकं: ‘आज तिन्ही उदाहरणांत हातचा बरोबर घेतलास.’ दुसरी, पुढे काय करायचं ते: ‘आता उभी मांडणी करताना एकक एककाखाली येऊ दे.’ चाळीस वह्यांचा फेरा आठ दिवसांत पूर्ण होतो. ‘हुशार आहेस’ हे लिहिणं टाळा, कारण पुढच्या वेळी चुकलं की मुलाला वाटतं हुशारी गेली. आणि जमलेलं काहीच सापडत नसेल तर खोटं लिहू नका. ‘सातही उदाहरणं करून बघितलीस’ एवढं तरी खरं असतंच.

रागावणं

शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या, कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. छडी सोडली म्हणजे झालं असं नाही. उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, वर्गाबाहेर उन्हात काढणं हेही त्यातच आलं, आणि सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तर ते जिवाशी खेळणं आहे. जातीवरून, बापाच्या धंद्यावरून, रंगावरून टोमणा मारणं हा मानसिक छळच.

मग करायचं काय? जागेवरून ओरडण्याऐवजी मुलाजवळ जा. आवाज खाली. घडलेल्या कृतीबद्दल एक वाक्य आणि आता काय करायचं याचं एक वाक्य: ‘तिची वही फाडलीस. डिंक घे, दोघं मिळून चिकटवा.’ अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. ‘तू नेहमीच असं करतोस’ हे वाक्य वर्गाबाहेर ठेवा. त्यातलं ‘नेहमीच’ कधीच खरं नसतं आणि मूल नेमकं त्याच्यावरच वाद घालतं. जुनी प्रकरणं उकरू नका.

आणि त्याच दिवशी शाळा सुटण्याआधी त्या मुलाशी एक साधं वाक्य बोला, भांडणाचा उल्लेख न करता. ‘उद्या रंगपेटी आण हं.’ नाहीतर ते रात्रभर धरून बसतं आणि दुसऱ्या दिवशी ‘पोट दुखतंय’ म्हणून घरी राहतं. रागावण्यात आपली चूक झाली असेल तर ज्यांच्या समोर रागावलात त्यांच्याच समोर माफी मागा. सगळ्यांसमोर रागावून स्टाफरूममध्ये एकट्याला ‘सॉरी बाळा’ म्हणण्याने हिशेब फिटत नाही.

फळ्यावरची आपली चूक मुलाने दाखवली तर ती गुपचूप पुसू नका. आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, कुणी दाखवली त्याचं नाव घ्या आणि पुढे चला. भाषण नको.

पेन हरवलं, कॉपी सापडली

वस्तू हरवली की पहिला मोह दप्तरं तपासायचा. सगळ्यांसमोर एखाद्याच्या दप्तरातून पेन निघालं तर त्या मुलाचं नाव शाळा सोडेपर्यंत ‘चोर’ राहतं, आणि दुसऱ्याच कुणी ते तिथे टाकलं असण्याचीही शक्यता असते. देवाची, आईची शपथ घालू नका. खरं बोलणारं घाबरट पोर रडायला लागतं आणि ज्याने घेतलंय ते बिनदिक्कत शपथ घेतं. त्याऐवजी सांगा: ‘निळं पेन सापडत नाही. मधल्या सुट्टीत खोली उघडी आहे, माझ्या टेबलावरच्या डब्यात ठेवलं तरी चालेल, कुणाला विचारणार नाही.’ मग खरंच त्या वेळात खोलीत थांबू नका आणि खिडकीतूनही बघू नका. पेन परत आलं तर विषय संपला. नाही आलं तर ज्याचं हरवलं त्याला शाळेच्या साठ्यातलं द्या. अशा गोष्टी वारंवार होऊ लागल्या तर वस्तू कुठली जाते ते बघा. डब्यातलं खाणं जात असेल तर तो प्रश्न भुकेचा आहे.

घटक चाचणीत कॉपी दिसली तर चिठ्ठी काढून घ्या, उत्तराच्या शेवटी रेघ मारून वेळ लिहा आणि मुलाला रेघेखाली पुढे लिहू द्या. बोलणं पेपर संपल्यावर, एकट्याशी. रेघेखालचे गुण धरा आणि वरच्या भागाची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्या. पेपर फाडायचा नाही, फाडलेल्या पेपरावर काहीच सिद्ध करता येत नाही. आठवीपुढच्या बोर्डाच्या परीक्षेला हे लागू नाही, तिथे मंडळाचे नियम चालतात. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून ‘जरा डोळेझाक करा’ असं वरूनच आलं तर तोंडी सूचनेवर काम करू नका, लेखी मागा. लेखी बहुधा येत नाही.

पाठीवर हात ठेवावा का?

ठेवावा, पण रीत पाळून. लहान वर्गातलं मूल पडलं, रडलं, तर जवळ घेण्यात गैर काही नाही, आणि भीतीपोटी लाकडासारखं उभं राहणं हा मुलावर अन्यायच. रीत अशी: पुढाकार मुलाचा असावा, जागा चारचौघांना दिसणारी असावी, स्पर्श खांद्याला, पाठीच्या वरच्या भागाला किंवा डोक्याला आणि दोन-चार क्षणांचा असावा. मांडीवर बसवणं, गालगुच्चे, पापे पूर्ण बंद. ‘आमच्याकडे चालतं’ हे उत्तर पुरेसं नाही. पाचवीपासून पुढे टाळी आणि शाबासकीवर भागवा. मूल अंग चोरत असेल तर लगेच थांबा, कारण विचारत बसू नका. एकट्या मुलाशी बोलायचं असेल तर दार उघडं ठेवून आणि बाहेरून दिसेल अशा जागी. शाळा सुटल्यावर एकट्या मुलाला थांबवून घेऊ नका, दोघं-तिघं असू द्यात.

फोनचंही तसंच. विद्यार्थ्याला वैयक्तिक मेसेज नाही. जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर, आणि एखाद्याचे गुण किंवा चूक तिथे कधीच नाही.

गुपित सांगितलं तर

मूल म्हणतं, ‘बाई, कुणाला सांगणार नाही ना?’ इथे ‘नाही सांगणार’ असं वचन देऊ नका. ‘तुला त्रास होत असेल तर मदत करणाऱ्या माणसाला सांगावंच लागेल, पण वर्गात कुणाला कळणार नाही’ एवढंच म्हणा. मग ऐका. खोदून प्रश्न विचारू नका, कुणाचं नाव सुचवू नका. बोलणं झाल्यावर त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. लैंगिक त्रासाची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं की आपलं काम संपलं असं समजू नका. पुढे कळवलं गेलं का ते बघा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. मुलाचं नाव शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही सांगायचं नाही, चहाच्या वेळी तर नाहीच.

चादर, टॉवेल आणि शिकवणी

गुरुपौर्णिमा, ५ सप्टेंबर आणि संक्रांत हे तीन मोसम. या शहरात भेट म्हणून चादर किंवा टॉवेलचा जोड सहज पुढे येतो, आणि देणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतं. पण एक चादर घेतली की दुसऱ्या पालकाला वाटतं आपणही द्यायला हवी. जूनच्या पालकसभेतच सांगून टाका की वैयक्तिक भेट घेत नाही. तरी कुणी आणलीच तर दारात ताटकळत ठेवू नका. ‘तुम्ही आठवणीने आणलंत, मला मिळालं असं समजा. पण मी घेत नाही, आणि नियम सगळ्यांना एकच आहे. शाळेला द्यायचं असेल तर मुख्याध्यापकांकडे नोंद करून देऊ, आजारी मुलांच्या खोलीत लागेल.’ इतकं बोललं की माणूस दुखावत नाही. तिळगूळ, फूल, मुलाने हाताने केलेलं कार्ड खुशाल घ्या. घरची शेंगापोळी आली तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उघडा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेतून खाऊच्या पैशांतून तुमच्यासाठी पोराने काही विकत आणलं असेल तर ते वर्गाच्या कपाटात सगळ्यांना दिसेल असं ठेवा आणि पुढच्या वर्षी आणू नको म्हणून त्याला बाजूला घेऊन सांगा.

जत्रेवरून आठवलं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेनंतर वर्गात ‘पाळण्यात कोण कोण बसलं?’ असं विचारू नका. तिकिटाला पैसे नसलेली पोरं खाली बघतात किंवा खोटं बोलतात. ‘गड्ड्यावर काय काय पाहिलंत?’ असं विचारा. नुसतं फिरून आलेल्या पोराकडे याचं उत्तर बहुतेक वेळा जास्त असतं.

शिकवणीचा विषय एका ओळीचा आहे: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, संध्याकाळी ज्याच्याकडून पैसे घेतले त्याचा पेपर सकाळी सरळ हाताने तपासला जाईल याची खात्री देणं अवघड.

घरी जाताना

पहिली भेट तक्रार नसताना द्या. तक्रार घेऊनच पहिल्यांदा गेलात तर पुढच्या वेळी गल्लीत तुम्ही दिसताच पोर मागच्या दाराने पसार होतं. वडील कारखान्यात रात्रपाळीला असतील तर सकाळी दहाला दार वाजवणं म्हणजे झोपमोड. कुठली वेळ बरी ते मुलाकडून आधी विचारून घ्या. सहकाऱ्याला बरोबर न्या. विड्या वळणाऱ्या आईचे हात बोलतानाही चालू राहतात, कारण दिवसाची मोजणी पूर्ण करून कारखान्यात द्यायची असते. तिने सूप बाजूला ठेवावं अशी अपेक्षा धरू नका, बसा आणि तसंच बोला. दहा मिनिटं पुरेत. शेजारी दारात उभे असतील तर गुणांचा विषय काढूच नका.

अशा घरातल्या मुलीला संध्याकाळी घरकामाचा किंवा पानं कापायचा वाटा असू शकतो. गृहपाठ वीस मिनिटांत संपेल एवढाच द्या आणि तो सगळ्या वर्गाला तेवढाच असू द्या. एकटीला सूट दिली की उद्या कारण विचारलं जातं. तंबाखूचा वास येतो म्हणून कुणी बाक सोडत असेल तर जागाबदल हा सगळ्या वर्गाचा साप्ताहिक नियम करा.

मदत करताना

गणवेश शिवून देशभर पाठवणारं हे शहर, आणि याच शहरात पोरं फाटक्या शर्टात शाळेला येतात. मदत जरूर करा, पण प्रार्थनेच्या रांगेतून नाव पुकारून आणि फोटो काढून नको. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर गठ्ठ्याचा द्या. शाळेच्या कपाटात चार मापांचे शर्ट, वह्या, पेन्सिली, मोठ्या मुलींसाठी पॅड एवढा साठा असावा, आणि किल्ली एका बाईंकडे. लागेल ते मधल्या सुट्टीत कागदी पिशवीत घालून द्यायचं. साठ्याच्या वहीत वस्तू आणि तारीख लिहा, मुलाचं नाव लिहायची गरज नाही. एका मुलाला वर्गात सगळ्यांसमोर चॉकलेट कधीच नको. आणायचं तर चाळीस आणा.

पोषण आहारात तांदळाचं प्रमाण पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आहे. हजेरी जेवढी, तेवढाच आकडा चढवायचा. बत्तीस पोरं असताना अडतीस लिहिले तर ते पहिल्यांदा कळतं ताट मोजणाऱ्या पोरांना. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते. ती मुलांच्या देखत घ्या आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्या पंगतीत बसून जेवा.

वर्ग पुढे देताना

एप्रिलच्या शेवटी पुढच्या वर्गशिक्षकासाठी प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहा. एकीत अभ्यासाचं: ‘भागाकारात शून्य आलं की अडतो, बाकी गणित पक्कं.’ दुसरीत सांभाळायचं: ‘फळा नीट दिसत नाही, चष्म्याचं पालकांना सांगितलंय, पुढे बसवा.’ ‘आगाऊ’, ‘चोरटा’, ‘घरचे लोक तसलेच’ हे शब्द त्यात नकोत. गुपित म्हणून कळलेलं काही असेल तर तेही या कागदावर नको, ते मुख्याध्यापकांकडेच राहू द्या. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाच्या नावापुढे ते कोणत्या महिन्यात जातं, कधी परत येतं आणि कुठपर्यंत शिकून झालंय ते लिहा, म्हणजे परतल्यावर त्याला पहिल्या धड्यापासून बसवलं जाणार नाही. हे सगळं सुट्टी लागण्याआधीच लिहून द्या. जूनमध्ये तुमच्यासमोर नवीन चाळीस पोरं असतात आणि जुन्यांतली पाच-सहा नावं तोवर पुन्हा आठवेनाशी झालेली असतात.